मल्लाची कीर्ती आणि मल्लाची कारकीर्द
दारासिंग व खाशाबा जाधव यांच्या चरित्रसाधनांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

अकोल्याहून वाशीमास जाणाऱ्या रस्त्यावर मेडशी मागे टाकली म्हणजे मालेगाव हे तालुक्याचे ठिकाण लागते. याच तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे, आणि पुढे थोड्या अंतरावर वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम आहे. विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट ज्या भूमीने जपून ठेवला, त्या भूमीतील संग्राहकांस जुन्या लेखाचे मोल नव्याने सांगावयास नको. तथापि ताम्रपट, सनदा व पोथ्या जपणारे आमचे संग्राहक ज्या कागदांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशा एका वर्गाच्या कागदांविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. हे कागद म्हणजे कुस्त्यांची पत्रके, भित्तिपत्रके, इनामाच्या याद्या, तालमींचे हिशेब आणि मल्लांची छायाचित्रे होत.

या विषयास प्रवृत्त होण्याचे कारण असे. वऱ्हाडातील कोणत्याही खेड्यात अंगापिंडाने भरलेला मुलगा दिसला की लोक त्यास 'दारासिंग' म्हणतात. एका पंजाबी मल्लाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. याउलट, स्वतंत्र भारतास ऑलिंपिकचे पहिले वैयक्तिक पदक ज्याने मिळवून दिले तो मल्ल अस्सल महाराष्ट्रीय असता त्याचे नाव अनेक वर्षे शाळेच्या क्रमिक पुस्तकाबाहेर फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. एकाची कीर्ती मोठी, परंतु कारकीर्दीचा पुरावा विस्कळीत व शंकास्पद. दुसऱ्याच्या कारकीर्दीचा पुरावा निर्विवाद, परंतु कीर्ती उशिराची. असे का व्हावे, आणि अशा दोन चरित्रांचे लेखन करताना इतिहासलेखकाने कोणत्या साधनावर किती भार टाकावा, हा आमचा प्रश्न आहे.

२. पोटासाठी कुस्ती करणारा वर्ग

'व्यावसायिक मल्ल' हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तृतीय याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वय, देह व बळ यांवरून मल्लांची वर्गवारी केली असून त्यांचा व्यायाम व आहार सांगितला आहे, आणि त्या आहाराचा भार राजाने वाहावा असा दंडक घातला आहे. कडधान्ये, मांस, दूध, साखर व मिष्टान्ने ही मल्लांस राजगृहातून मिळावयाची. गुजरातेत रचला गेलेला 'मल्लपुराण' हा संस्कृत ग्रंथही मल्लांचे प्रकार, आखाड्याची माती, ऋतुपरत्वे आहार यांचाच विचार करतो. या दोन ग्रंथांवरून एक गोष्ट निःसंशय ठरते ती ही की, आपल्या देशात मल्ल हा हौशी गृहस्थ नसून पोसला जाणारा कसबी पुरुष होता. त्याचे धनी राजे होते व त्याचे वेतन म्हणजे खुराक होय.

हीच व्यवस्था करवीरास विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. छत्रपती शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले असता रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले. पुढे १९१२ साली कोल्हापुरास खासबागेचे मैदान तयार झाले, त्याची गोल, उतरती रचना त्या दर्शनाची आठवण करून देते. या मैदानाच्या आरंभीच्या मोठ्या कुस्तीत गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन ही पंजाबी जोड लढली. पंजाबचा मल्ल, करवीरचा आश्रय आणि दख्खनचा प्रेक्षक ही त्रयी तेव्हापासूनची आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इतर संस्थानांचीही तीच गती झाली, आणि खुराक पुरविणारा हात थांबला. आता मल्लापुढे तीन वाटा उरल्या. पहिली, जत्रांतील व मैदानांतील इनामी कुस्त्यांची. दुसरी, सरकारी नोकरी धरून पदकांच्या स्पर्धांत उतरण्याची. तिसरी, तिकीट लावून शहरात भरविल्या जाणाऱ्या 'फ्री स्टाइल' सामन्यांची. मातीतल्या कुस्तीची व्यवस्था लावण्यासाठी १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली, आणि १९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. खाशाबा जाधव दुसऱ्या वाटेने गेले, दारासिंग तिसऱ्या वाटेने. वाट कोणती धरली यावरून पुढे मागे राहणारे कागद कोणते हे ठरले, म्हणून हा भेद प्रथम ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

३. दारासिंग : कीर्तीचा आलेख

दारासिंगांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक या गावी झाला. १९४७ च्या सुमारास ते सिंगापुरास गेले, तेथे कारखान्यात काम करीत असता कुस्तीचे शिक्षण घेतले, आणि मलायातील सामन्यांत नाव मिळवून स्वदेशी परतले. १९५४ साली त्यांस 'रुस्तुम-ए-हिंद' ही पदवी मिळाली. १९५९ साली कलकत्त्यास जॉर्ज गोर्डिएन्को या कॅनडाच्या मल्लावर मात करून ते राष्ट्रकुलाचे विजेते म्हणून घोषित झाले. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ याचा पराभव केला, आणि तेव्हापासून 'जगज्जेता' हे बिरुद त्यांच्या नावापुढे कायमचे लागले. १९८३ साली दिल्लीस झालेल्या स्पर्धेनंतर त्यांनी रिंगण सोडले.

दरम्यान १९६२ च्या 'किंग काँग' व १९६३ च्या 'फौलाद' या बोलपटांनी त्यांचे नाव गावोगावच्या तंबूंत नेले होते. १९८७-८८ साली दूरचित्रवाणीवरील 'रामायण' मालिकेत त्यांनी हनुमंताची भूमिका केली. तालमीत ज्या देवतेस प्रथम वंदन करावयाचे तिचेच रूप मल्लाने धारण केले, तेव्हा त्यांच्या कीर्तीवर जणू देवस्थानाची मोहोर उमटली. २००३ ते २००९ पर्यंत ते राज्यसभेचे नियुक्त सभासद होते. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

इतका भाग निर्वेध आहे. अडचण येते ती त्यांच्याविषयी सर्वत्र छापल्या जाणाऱ्या एका विधानाची. ते विधान असे की, त्यांनी सुमारे पाचशे कुस्त्या केल्या व एकीतही ते हरले नाहीत. हे विधान कोणत्या प्रकारचे आहे हे पाहू.

४. अजिंक्यत्वाची कथा

आपल्या वाङ्मयात मल्लकथेचा एक ठरीव साचा आहे. परका, अवाढव्य, आजवर अजिंक्य असा मल्ल दरबारात येऊन आव्हान देतो. दरबारचे सर्व मल्ल माना खाली घालतात. मग ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते असा एक पुरुष पुढे येऊन त्यास लोळवितो. मथुरेत कृष्णाने चाणूरास मारले, विराटाच्या घरी बल्लव झालेल्या भीमाने जीमूतास मारले, या त्याच साच्यातील कथा होत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांची कथाही तशीच. निजामाकडील अली व गुलाब या दोन मल्लांनी पुण्यास येऊन आव्हान दिले, तेव्हा बाळंभटदादांनी सप्तशृंगीस जाऊन उपासना केली, तेथे वानराच्या हालचालीवरून मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, आणि परत येऊन अलीस चीत केले, अशी परंपरा आहे. बाळंभटदादांची ऐतिहासिकता व मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनातील त्यांचे स्थान यांविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु अली, गुलाब व वानर यांची कथा ही कथेच्या साच्यातून आलेली आहे, दप्तरातून नव्हे, हे ओळखणे संशोधकाचे काम आहे.

आता १९५०-६० च्या दशकांतील एखादे भित्तिपत्रक डोळ्यांपुढे आणावे. एका बाजूस 'किंग काँग' या नावाने प्रसिद्ध असलेला हंगेरीचा एमिल झाया, दाढी वाढविलेला, सुमारे दोनशे किलो वजनाचा. दुसऱ्या बाजूस दारासिंग, प्रमाणबद्ध व देखणा. साचा तोच आहे. अली व चाणूर यांच्या जागी किंग काँग आला, दरबाराच्या जागी वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम आले, आणि इनामाच्या जागी तिकीट आले. सामना भरविणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या प्रेक्षकाचे मन पुरते ठाऊक होते. नव्या पारतंत्र्यमुक्त देशात गोरा राक्षस लोळताना पाहण्यास लोक तिकीट काढतील, हे त्याने अचूक ताडले. हे लक्षात घेतले म्हणजे 'पाचशे कुस्त्या, पराभव नाही' हे वाक्य हिशेबाचे नसून बिरुदाचे आहे हे कळून येते. शिलालेखातील राजा जसा सर्वदा समरविजयी असतो, तसाच भित्तिपत्रकावरील मल्ल सर्वदा अजिंक्य असतो.

येथे फ्री स्टाइल सामन्यांचे स्वरूपही स्पष्ट केले पाहिजे. पश्चिमेकडील व्यावसायिक कुस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी बऱ्याच अंशी खरी लढत होती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा व पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून अनिर्णित राहिली. प्रेक्षकांस ती अत्यंत कंटाळवाणी वाटली, आणि हाच तिच्या खरेपणाचा एक पुरावा मानावयास हरकत नाही. ठरवून केलेली कुस्ती इतकी नीरस कोणी ठरविणार नाही. पुढच्या आठवड्यात झिबिस्को मैदानात आलाच नाही व गामा विजयी ठरला. १९२८ साली पतियाळ्यास पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्यास एका मिनिटाच्या आत पाडले. परंतु १९२० नंतर अमेरिकेत निकाल आगाऊ ठरवून सामने भरविण्याची पद्धत रूढ झाली, आणि फ्री स्टाइल या नावाने आपल्याकडे आले ते हेच रूप होय. आपल्या मातीतही आधीच ठरवून केलेल्या लढतीस 'नुरा कुस्ती' हा शब्द आहेच, आणि शब्द आहे त्या अर्थी ती चालही जुनीच म्हणावयाची. भेद इतकाच की, मातीत नुरा कुस्ती ही लबाडी समजली जाई व प्रेक्षक मैदानात धोंडे फेकीत, आणि फ्री स्टाइलात तोच धंद्याचा पाया होता.

५. १९६८ च्या सामन्याची छाननी

आता मुंबईच्या सामन्याकडे वळू. २९ मे १९६८, बुधवार. लू थेझ हा आपल्या काळचा खरोखरीच श्रेष्ठ मल्ल होता. नॅशनल रेसलिंग अलायन्स या अमेरिकन संघटनेचे जगज्जेतेपद त्याने वर्षानुवर्षे सांभाळले होते. परंतु ७ जानेवारी १९६६ रोजी सेंट लुईस येथे जीन किनिस्की याने त्याच्याकडून ते पद घेतले, आणि १९६९ च्या फेब्रुवारीपर्यंत ते किनिस्कीकडेच होते. म्हणजे मुंबईच्या सामन्याच्या दिवशी थेझपाशी त्या संघटनेचे पद नव्हतेच. शिवाय त्याच वेळी अमेरिकेत दुसऱ्या दोन संघटनांचे निराळे जगज्जेते नांदत होते. थेझचे वय तेव्हा ५२ वर्षांचे होते व दारासिंगांचे ३९.

मग दारासिंगांस मिळालेले जगज्जेतेपद कोणते? उत्तर असे की, ते सामना भरविणाऱ्यांनी त्या सामन्यास दिलेले पद होते. ज्या धंद्यात पदे ही व्यापारी संघटनांनी निर्माण केलेली असतात, त्या धंद्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचे पद सेंट लुईसच्या व्यापाऱ्याच्या पदाहून स्वभावतः हलके ठरत नाही. फरक मान्यतेच्या क्षेत्राचा आहे. मांडलिकाने 'महाराजाधिराज' म्हणवून घेतले तर आम्ही त्याचा शिलालेख खोटा ठरवीत नाही. ती पदवी कोणत्या सीमेत चालत होती एवढेच पाहतो. तोच न्याय येथे लावावा.

यावरून दारासिंग हे केवळ सोंग होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मोठा अन्याय होईल. ठरीव निकालाच्या सामन्यातही देह खोटा नसतो, पडणे खोटे नसते, आणि सव्वाशे किलोहून अधिक वजनाचा गडी डोक्यावर उचलणे तर मुळीच खोटे नसते. स्वतः थेझने आपल्या आत्मवृत्तात दारासिंग हे खरी कुस्ती जाणणारे व उत्तम कमावलेल्या शरीराचे मल्ल असल्याची साक्ष दिली आहे. जिंकलेल्याची स्तुती भाट करतो, पण हरलेल्याने केलेली स्तुती हा इतिहासात नेहमीच वजनदार पुरावा मानला जातो. तेव्हा निवाडा असा : दारासिंगांचे बळ व कसब सिद्ध आहे. त्यांची पदे घोषित झाली हे सिद्ध आहे. त्यांचे अजिंक्यत्व हे बिरुद आहे.

६. खाशाबा जाधव : कागदावर राहिलेली कारकीर्द

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे झाला. कोल्हापुरास राजाराम कॉलेजात शिकत असता त्यांची निवड १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी झाली. तेथे, मातीऐवजी गादीवर व अपरिचित नियमांनी लढून, फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकी येथे बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात ते उतरले. कॅनडाच्या व मेक्सिकोच्या मल्लांस त्यांनी हरविले, जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते हरले. इशीस सुवर्ण, मम्मदबेयोवास रौप्य व खाशाबांस कांस्य मिळाले. त्यानंतर भारताच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकास १९९६ साल उजाडावे लागले.

या परिच्छेदातील प्रत्येक निकालास पंचांचा लेख आहे, आणि त्यात पराभवही आहेत. ही गोष्ट संशोधकाच्या दृष्टीने मोलाची आहे. ज्या कारकीर्दीत पराभव नोंदलेले असतात तिच्यातील विजय निःशंकपणे स्वीकारता येतात. दारासिंगांच्या पाचशे विजयांपेक्षा खाशाबांचे हेलसिंकीतील दोन पराभव इतिहासास अधिक उपयोगी पडतात, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

परंतु खाशाबांच्या चरित्रातही कथेचा भाग आहेच, आणि तो कोठून सुरू होतो हे सांगता येते. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट सर्व चरित्रांत एकमुखाने येते. रक्कम व व्यक्ती यांबाबत मतभेद नसल्याने ती ग्राह्य आहे. गहाणखताचा अस्सल कागद कोणा संग्राहकाच्या हाती आला तर तो या चरित्रातील सर्वांत थोर कागद ठरेल. उलट, पदक घेऊन परत आल्यावर निघालेल्या मिरवणुकीतील बैलगाड्यांची संख्या कोठे शंभरावर दिली आहे, कोठे १५१. मिरवणूक खरी, आकडा उत्साहाचा. लढायांतील फौजांचे आकडे ज्यांनी बखरींत पाहिले आहेत त्यांस याचे नवल वाटणार नाही.

पुढील कथा थोडक्यात अशी. ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमाने, कुस्तीवर पैसा मिळविणाऱ्यास त्या स्पर्धेत स्थान नव्हते. ज्या देशात मल्ल हजार वर्षे खुराकावर व इनामावर जगला, त्या देशाच्या मल्लास विलायतेतील सुखवस्तूंसाठी केलेला हा नियम पाळावयाचा होता. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले व नोकरीवर संसार चालविला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला तो २००० सालचा, आणि दिल्लीच्या कुस्ती-प्रेक्षागारास त्यांचे नाव दिले गेले ते २०१० साली. पदक १९५२ चे व मान्यता अर्धशतकानंतरची. कारण उघड आहे. पंचांच्या कोष्टकास भित्तिपत्रक नसते. हेलसिंकीच्या निकालाने कोणाचे तिकीट खपणार नव्हते, म्हणून त्याची द्वाही फिरविण्यात कोणाचाही व्यापारी लाभ नव्हता.

७. साधनांचा अधिकार

वरील दोन उदाहरणांवरून एक साधा नियम बांधता येतो. कोणताही कागद त्याच्या कर्त्यास ज्या गोष्टीचा जाब द्यावा लागत होता तेवढीच गोष्ट पूर्णपणे सिद्ध करतो.

भित्तिपत्रक वा पत्रक सामन्यापूर्वी छापलेले असते. ते जाहिरात सिद्ध करते. सामना झाला हे सिद्ध करीत नाही, निकाल तर नाहीच. जोड ऐनवेळी बदलली, मल्ल आला नाही, पाऊस पडून मैदान मोडले, असे नेहमी होते. वृत्तपत्रातील हकीकत कोणास विजयी घोषित केले हे सिद्ध करते, विजय कसा झाला हे नाही. इनामाची यादी व देणगीची वही रक्कम सिद्ध करते, कारण पैशाचा जाब पंचांस गावाला द्यावा लागे, म्हणून मातीतल्या कुस्तीत हिशेबाची वही पत्रकाहून अधिक प्रमाण समजावी. तालमीचा खुराकाचा हिशेब मल्ल तेथे राहत होता हे सिद्ध करतो. मल्लाचे आत्मवृत्त, जसे दारासिंगांचे १९८९ साली पंजाबीत प्रसिद्ध झालेले, त्याच्या बालपणाविषयी व मनाविषयी प्रथम दर्जाचे, पण सामन्यांच्या निकालाविषयी दुय्यम समजावे.

नामसाम्याचा धोकाही ध्यानात असावा. 'दारासिंग व किंग काँग' अशी अक्षरे असलेला रंगीत कागद हा झायाबरोबरच्या सामन्याचाही असेल किंवा १९६२ च्या बोलपटाचाही असेल. तंबूचे, नटांचे व दिग्दर्शकाचे नाव खाली आहे की मैदानाचे व तिकिटाच्या दराचे, हे पाहिल्यावाचून त्याची नोंद करू नये.

८. मालेगावच्या संग्राहकांस विनंती

आरंभी मालेगावचे नाव घेतले ते केवळ वाटेवरचे गाव म्हणून नव्हे. या नावाने संशोधकास चकविले जाण्याचा संभव मोठा आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे नारोशंकर राजेबहाद्दर यांच्या भुईकोटाचे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील मालेगाव हे खंडोबाच्या यात्रेचे, आणि त्या यात्रेत जनावरांच्या बाजाराबरोबर कुस्त्यांचाही फड भरतो. बारामतीजवळ आणखी एक मालेगाव आहे. वऱ्हाडातील मालेगाव 'जहांगीर' या जोडनावाने ओळखले जाते, ते पूर्वी अकोला जिल्ह्यात होते व १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा निराळा झाला तेव्हापासून त्यात आहे. तेव्हा 'मालेगाव येथे कुस्त्यांची जंगी दंगल' एवढेच ज्यावर छापले आहे तो कागद चार मालेगावांपैकी कोणाचा हे ठरविल्याखेरीज त्यावरून कोणत्याही गावचा इतिहास लिहू नये.

हे ठरविण्याचे साधन कागदाच्या अगदी तळाशी असते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापलेल्या कागदावर मुद्रकाचे व छापखान्याच्या गावाचे नाव घालणे आवश्यक केले होते. ती बारीक ओळ अकोल्याची वा वाशीमची निघाली तर पत्रक बहुधा वऱ्हाडचे, नांदेडची निघाली तर यात्रेचे. पत्रके चौकटीत बसविताना लोक नेमकी हीच ओळ कापून टाकतात. ती कापू नये, ही आमची पहिली विनंती.

दुसरी गोष्ट सालाची. कुस्तीच्या पत्रकावर तिथी, वार व तारीख असते, परंतु सन पुष्कळदा नसतो, कारण वाचणाऱ्यास तो ठाऊकच होता. नुसत्या वार-तारखेने काम भागत नाही. 'बुधवार, २९ मे' हा योग १९५७, १९६३, १९६८ व १९७४ या चारही साली येतो. परंतु तिथीही दिलेली असेल तर पंचांगाच्या वा जंत्रीच्या आधारे चारांतून एकच साल बहुधा शिल्लक राहते. शिवकालीन पत्रांची कालनिश्चिती ज्या रीतीने होते तीच रीत येथे लागू पडते, आणि ती लावणे आमच्या वाचकांस हातचा मळ आहे.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. मल्लाच्या छायाचित्राच्या पाठीवर घरच्या माणसाने लिहिलेले नाव, गाव व नाते हे बहुधा त्या छायाचित्राहून मोलाचे असते. ते लिहिणारे हात अद्याप आहेत तोवर लिहवून घ्यावे. चौथी गोष्ट वस्तादांच्या तोंडच्या परंपरेची. ती ऐकताना ऐकल्याचा दिवस, सांगणाऱ्याचे नाव व त्याने ते स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, या तीन बाबी टिपून ठेवाव्यात. एवढे केले की ऐकीव गोष्ट साधनाच्या पंक्तीस बसते.

९. उपसंहार

वऱ्हाडात शरीरविद्येचा अभिमान आजचा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालत आले असून १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या प्रांताने हे केले त्या प्रांतातील लहान गावांचे मल्ल, ज्यांच्या नावाने ना बोलपट निघाला ना पदक आले, त्यांची कारकीर्द केवळ गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर उरली आहे. तो कागद दोन पावसाळे काढीत नाही.

दारासिंगांस त्यांच्या कीर्तीने तारले व खाशाबांस पंचांच्या कोष्टकाने. तिसऱ्या प्रकारच्या मल्लास, म्हणजे जत्रेत नारळावर वा पंचवीस रुपयांच्या इनामावर अंगास माती लावणाऱ्या मल्लास, तारणारे संग्राहकांवाचून दुसरे कोणी नाही. तो हरलेला असेल तरी त्याची नोंद ठेवावी, किंबहुना हरलेला असेल तर अधिक काळजीने ठेवावी. कारण हार लिहून ठेवलेल्या वहीतील जीतच पुढील पिढी खरी मानील.